स्वादुपिंडाच्या एन्झाइमची कॅप्सूल उघडून दुधातून देता येते का?

आपल्या वडिलांना जुनाट स्वादुपिंडदाह आहे आणि डॉक्टरांनी पॅनक्रिएटिन या स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या औषधाची 25,000 युनिटची एकेक कॅप्सूल दोन्ही जेवणांसोबत दिली आहे. ती गिळताना त्यांना ठसका लागतो म्हणून उघडून दुधात घालावी का, आणि महिना होऊनही शौचाचा तेलकटपणा गेलेला नाही म्हणून आपणच मात्रा दुप्पट करावी का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मात्र याच आजारामुळे गेली आठ वर्षे हेच औषध रोज घेत आहे आणि त्याविषयी माझ्या डॉक्टरांना जे जे विचारून घेतले, ते येथे लिहितो.

दुधात मुळीच घालू नका. कॅप्सूलच्या आत जे बारीक दाणे दिसतात, त्या प्रत्येकावर आम्लात न विरघळणारे आवरण असते. जठरातील आम्लात लायपेज हे चरबी पचवणारे एन्झाइम नष्ट होते, म्हणून ते या आवरणातून लहान आतड्यापर्यंत पोहोचवले जाते आणि तेथे आम्लता कमी झाली की आवरण विरघळते. दुधात आम्लता नसल्यासारखीच असते, त्यामुळे आवरण पेल्यातच सुटू लागते. दाणे चावले किंवा खलबत्त्यात कुटले तरी तेच होते. शिवाय उघडे पडलेले एन्झाइम तोंडाच्या नाजूक त्वचेवर काम करू लागते आणि तोंड येते. त्याची भुकटी श्वासावाटे गेली तर दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. गिळणे खरोखरच अवघड असेल, तर दाणे अख्खेच ठेवून चमचाभर आंबट दह्यावर किंवा शिजवून गार केलेल्या सफरचंदाच्या गरावर पसरा, लगेच न चावता गिळायला सांगा आणि वर पाणी द्या. गरम वरणात किंवा खिरीत घालू नका, सकाळी कालवून दुपारसाठी ठेवूनही देऊ नका. तोंडात, विशेषतः कवळीखाली, दाणे अडकले नाहीत ना, हे पाहा. आणि ठसका केवळ याच कॅप्सूलला नव्हे, तर पाण्याला किंवा घासालाही लागत असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे. ती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मात्रेविषयी बोलण्याआधी वेळ तपासा, कारण माझी स्वतःची चूक तेथेच झाली होती. पहिले कित्येक महिने मी जेवण उरकून, हात धुऊन, इतर गोळ्यांबरोबर ही कॅप्सूल घेत असे, आणि औषध चालू असूनही वजन घटत होते. हे औषध रक्तात शोषले जाऊन काम करत नाही; ते अन्नातच मिसळावे लागते. म्हणून पहिल्या घासांबरोबर कॅप्सूल घ्यायची, आणि एकाहून अधिक असतील तर एक सुरुवातीला आणि एक जेवणाच्या मध्यावर, अशी विभागायची. रिकाम्या पोटी घेण्यात काहीच अर्थ नाही, त्यामुळे निरंकार उपवास असेल त्या दिवशी तिची गरज नसते. पण शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर त्या दिवशी ती निश्चितच लागते. सकाळचे पोहे किंवा सायंकाळची शेव यांत तेल असते, तरीही ‘जेवण नाही’ म्हणून तेथे कॅप्सूल घेतली जात नाही. अशा खाण्यासाठी किती घ्यायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता दुप्पट करण्याविषयी. प्रौढांमध्ये मुख्य जेवणाला 40,000 ते 50,000 युनिट ही सुरुवातीची रूढ मात्रा आहे, त्यामुळे 25,000 कमी पडत असण्याची शक्यता आहे आणि आपली शंका रास्त आहे. पण मात्रा डॉक्टरांनीच वाढवावी. 1994 मध्ये ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार असलेल्या काही मुलांचे मोठे आतडे अरुंद झाल्याचे आढळले आणि त्याचा संबंध अतिशय मोठ्या मात्रेतील एन्झाइमशी जोडला गेला. त्यानंतर वजनाच्या प्रत्येक किलोमागे एका जेवणाला 2,500 आणि दिवसभरात 10,000 लायपेज युनिट, अशी मर्यादा पाळली जाऊ लागली. 50 किलो वजनाच्या माणसासाठी ती एका जेवणाला 1,25,000 होते. मात्रा पुरेशी असूनही फरक पडत नसेल, तर जठरातील आम्ल कमी करणारी गोळी जोडावी लागते किंवा आतड्यात जिवाणूंची वाढ झाली आहे का, हे पाहावे लागते; असे असताना नुसत्या कॅप्सूल वाढवून काय होणार? पोट फुगणे, तीव्र वेदना, उलट्या किंवा शौच बंद होणे यांपैकी काही झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी पाचक सिरपे हा या कॅप्सूलला पर्याय नाही.

वडिलांना मधुमेह असेल, तर औषध सुरू होताना आणि मात्रा बदलताना साखर अधिक वेळा तपासा, कारण अन्न नीट पचू लागले की साखरेचे आकडेही बदलू शकतात. ॲकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. या एन्झाइममुळे तिचा परिणाम कमी होतो. यूरिक ॲसिड वाढलेले असेल किंवा गाऊटचा, म्हणजे त्यामुळे होणाऱ्या सांधेदुखीचा, त्रास असेल, तर तेही सांगा.

हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. माझ्या घरी हे कळल्यावर आम्हाला विचार करायला दोन दिवस लागले, आणि तो विचार रुग्णानेच करायचा असतो असे माझे ठाम मत आहे. वडिलांना ठाऊक नसेल तर त्यांच्यापासून लपवू नका. डबी घट्ट बंद करून 25 अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा. मी नागपुरात राहतो; येथे मे महिन्यात स्वयंपाकघराच्या फळीवर किंवा उभ्या गाडीत हे औषध ठेवता येत नाही, म्हणून घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या कपाटात ठेवतो आणि बाहेर जेवायला जाताना केवळ त्या वेळेपुरत्या कॅप्सूल सोबत घेतो.