पान कोरं येतंय, एरर दिसतच नाहीये – काय करू?

प्रश्न: नमस्कार सर, मी लातूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी विंडोजवर झॅम्प (पीएचपी आणि सर्व्हर एकत्र देणारं पॅकेज) टाकलंय, तिथे पीएचपीत, म्हणजे वेबसाईटचा कोड लिहायच्या भाषेत, काही चुकलं की कुठल्या ओळीत चुकलं ते पानावरच लिहून येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू आहे, तिथे काही चुकलं की नुसतं पांढरं पान, कधी ५०० असा आकडा, बाकी काही नाही. मित्र म्हणतो पीएचपी नीट बसलं नाहीये, काढून परत टाक. व्हिडिओ बघून फाईलच्या सुरुवातीला आयएनआय_सेटची (कोडमधूनच सेटिंग बदलायची) ओळ पण टाकली तरी तेच. सबमिशन जवळ आलंय.

उत्तर: परत इन्स्टॉल अजिबात करू नकोस रे, पीएचपी ठणठणीत आहे, फक्त त्याला गप्प बसायला सांगितलंय. पीएचपीसोबत सेटिंगच्या दोन नमुना फायली येतात, एक डेव्हलपमेंटची आणि एक प्रॉडक्शनची. झॅम्प शिकणाऱ्यांसाठी बनवलंय म्हणून तिथे एरर दाखवणं आधीच चालू असतं, आणि उबुंटूवर ॲप्टने (सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने) पीएचपी टाकलं की प्रॉडक्शनवाली सेटिंग बसते कारण ते गृहीत धरतात की हा सर्व्हर लोकांसमोर जाणार आहे. त्यात डिस्प्ले_एरर्स ऑफ असतं, म्हणून चूक तीच असली तरी घरी दिसते आणि लॅबमध्ये दिसत नाही.

(मासिकात सगळं देवनागरीत छापतो म्हणून नावं उच्चाराप्रमाणे देतोय, टाईप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.)

आधी कुठली सेटिंग फाईल चालू आहे ते बघ. एक छोटी फाईल बनव, त्यात फक्त पीएचपीइन्फो हे फंक्शन कॉल कर आणि ती ब्राउझरमध्ये उघड. वरच्याच भागात 'लोडेड कॉन्फिगरेशन फाईल' असं लिहिलेलं असतं, त्याच्यासमोरचा पत्ता वहीत उतरवून घे. ही पायरी गाळू नकोस, कारण उबुंटूवर पीएचपी.आयएनआय नावाच्या दोन फायली असतात, एक अपाचे२ (ब्राउझरला पानं देणारा सर्व्हर) फोल्डरमध्ये आणि एक सीएलआय (टर्मिनलसाठीच्या) फोल्डरमध्ये, आणि बरीच मुलं सीएलआयवाली बदलून बसतात आणि मग म्हणतात फरकच पडत नाही. ब्राउझरसाठी अपाचेवाली लागते, उबुंटू २२.०४ असेल तर ती ईटीसी, मग पीएचपी, मग ८.१, मग अपाचे२ अशी आत सापडेल.

ती सुडो (ॲडमिनचा अधिकार देणारी कमांड) लावून नॅनोमध्ये (टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये) उघड आणि कंट्रोल डब्ल्यू दाबून डिस्प्ले_एरर्स शोध. आता इथे नीट लक्ष दे. पहिल्यांदा जे सापडतं ते खरं सेटिंग नाहीये! फाईलच्या सुरुवातीला एक माहितीचा तक्ता आहे, डिफॉल्ट व्हॅल्यू ऑन, डेव्हलपमेंट व्हॅल्यू ऑन, प्रॉडक्शन व्हॅल्यू ऑफ असं लिहिलेला, आणि त्या प्रत्येक ओळीच्या आधी अर्धविराम आहे म्हणजे सेमीकोलन. या फाईलमध्ये सेमीकोलनने सुरू होणारी ओळ पीएचपी वाचतच नाही. तिथे ऑफचं ऑन करून काहीही होणार नाही. शोधत पुढे जा, बरंच खाली एक ओळ सापडेल जिच्या आधी सेमीकोलन नाही, डिस्प्ले_एरर्स इज इक्वल टू ऑफ, ती ऑन कर. तिच्या आसपासच डिस्प्ले_स्टार्टअप_एरर्स आहे ते पण ऑन कर, आणि एरर_रिपोर्टिंगच्या ओळीत ई_ऑलच्या पुढे आणखी काही वजा केलेलं असेल तर ते काढून नुसतं ई_ऑल ठेव म्हणजे डेप्रिकेटेडच्या (पुढे बंद होणाऱ्या गोष्टींच्या) सूचना पण दिसतील. सेव्ह कर आणि अपाचे रीस्टार्ट कर, सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट अपाचे२, सुडो लावूनच. रीस्टार्ट केलं नाही तर जुनंच चालू राहतं.

लॅबमध्ये सुडोचा पासवर्ड मिळत नसेल तरी अडू नको. पीएचपीमध्ये स्वतःचा छोटा सर्व्हर आहे, ५.४ पासून, म्हणजे २०१२ पासून. टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरला जा आणि लिही: पीएचपी, मग डॅश आणि लहान डी, मग डिस्प्ले_एरर्स=१, मग डॅश आणि कॅपिटल एस, मग लोकलहोस्ट:८०००. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघड, एरर दिसतील, कुणाची परवानगी नको.

आता तुझी ती आयएनआय_सेटची ओळ का चालली नाही? पीएचपी आधी अख्खी फाईल वाचून समजून घेतं आणि मगच पहिल्या ओळीपासून चालवायला लागतं. फाईलमध्ये कुठे कंस किंवा सेमीकोलन राहिलं असेल तर वाचतानाच गाडी अडते, त्यामुळे तुझी पहिली ओळ चालवायची वेळच येत नाही. त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुझ्या फाईलमध्ये पार्स एररच, म्हणजे वाचतानाच अडवणारी लिहिण्यातली चूक, आहे. ते तपासायला टर्मिनलमध्ये पीएचपी, डॅश, लहान एल आणि फाईलचं नाव दे, फाईल न चालवता चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगेल.

आणि मेसेज आला की घाबरून बंद करू नकोस, पूर्ण वाच. समज लिहून आलं 'अनएक्स्पेक्टेड व्हेरिएबल, लाईन १३' आणि १३ व्या ओळीत तर काहीच चूक दिसत नाहीये, तर १२ वी बघ, बहुतेक तिच्या शेवटी सेमीकोलन राहिलंय, पीएचपीला ते नाहीये हे पुढच्या ओळीवर आल्यावर कळतं. उघडा राहिलेला महिरपी कंस जुन्या पीएचपीत फाईलच्या शेवटच्या ओळीवर दाखवायचे आणि शोधून जीव जायचा, ८ पासून तो कंस कुठल्या ओळीत उघडला ते सांगतात, हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

पार्स एरर गेला की पुढे कदाचित रिक्वायरचा (दुसरी फाईल जोडायच्या ओळीचा) एरर येईल, फाईल सापडत नाही असा. विंडोजला फाईलच्या नावात कॅपिटल-स्मॉल फरक पडत नाही, उबुंटूला पडतो, तेवढं तपास.

प्रश्न: सर, माझे कोल्हापुरात शिवणकामाचे क्लासेस आहेत, वेबसाईट भाच्याने बनवून दिली. परवापासून साईट उघडली की वर वॉर्निंग म्हणून मोठी इंग्रजी ओळ दिसते, खाली साईट नीट चालते. चालतंय तर राहू दे का?

उत्तर: नाही ताई, लोकांसमोरच्या साईटवर ते एक दिवसही ठेवू नका. त्या ओळीत फाईलचा पूर्ण पत्ता असतो, त्यात बऱ्याचदा होस्टिंगचं तुमचं युजरनेमही असतं. आज वॉर्निंग आहे, उद्या डेटाबेस बंद पडला तर त्या एररसोबत कुठल्या फंक्शनला काय दिलं याची यादीही छापली जाऊ शकते आणि जुन्या पीएचपीत त्या यादीत डेटाबेसच्या पासवर्डची पहिली १५ अक्षरं दिसू शकतात. बहुतेकांचा पासवर्ड त्याहून लहानच असतो. २०२२ च्या शेवटी आलेल्या ८.२ मध्ये हे झाकायची सोय केलीय पण सगळी होस्टिंग तितकी नवी नसतात.

भाच्याला सांगा डिस्प्ले_एरर्स ऑफ कर पण लॉग_एरर्स ऑन ठेव, म्हणजे तीच ओळ लोकांना न दिसता सर्व्हरवरच्या फाईलमध्ये लिहिली जाईल. साईट वर्डप्रेसची असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईलमध्ये डब्ल्यूपी_डीबग (वर्डप्रेसचं चुका शोधायचं सेटिंग) चुकून ट्रू, म्हणजे चालू, राहिलंय का ते आधी बघायला सांगा, मला तोच संशय आहे. आणि नुसतं लपवून थांबू नका, ती वॉर्निंग कशाची आहे ते त्याने त्याच्या लॅपटॉपवर साईटची कॉपी घेऊन एरर चालू ठेवून शोधायला हवं, परवापासूनच यायला लागली म्हणजे होस्टिंगवाल्यांनी पीएचपीचं व्हर्जन बदललं असण्याची शक्यता बरीच आहे. आत्ता लगेच त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवा, नंतर लपली की तुम्हाला दिसणार नाही.