रिदमवाला मागे का उभा राहतो? (आणि घंटेचं, हाफ पँटचं वगैरे)

प्रश्न : दादा, मी इंदिरानगरला राहतो. आमचा चार पोरांचा बँड आहे, मी रिदम गिटार वाजवतो, म्हणजे मागे कॉर्ड धरून ताल सांभाळतो. बाकीचे सारखे म्हणतात रिदम काय कोणीपण वाजवेल, तू लीड शिक, पुढे उभं राहून सोलो मारायला. मी एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा डायहार्ड फॅन, पण तिथेपण सगळे लीडवाल्या अँगसलाच बघतात ना. मग मी काय करू?

उत्तर : हे जो म्हणतो ना, त्याला आधी गणपतीच्या महिनाभर आधी कुठल्यातरी ढोल पथकाच्या सरावाला नेऊन उभा कर. नाशिकचा पोरगा आणि ठोक्याला काहीपण म्हणतो म्हणजे कमालच झाली. ताशेवाला तर्री काढतो, पब्लिक त्याच्याकडे बघतं, व्हिडिओ त्याचाच निघतो, पण मागच्या रांगेत एका ढोलवाल्याचं टिपरू अर्धा ठोका पुढे पडलं की अख्खं पथक लंगडायला लागतं आणि तेव्हा ताशेवाल्याचंही काही चालत नाही.

एसी/डीसीत तो ठोका रिदमवाल्या माल्कम यंगचा होता. बँड त्यानेच सुरू केला, १९७३ ला सिडनीत, धाकट्या भावाला म्हणजे अँगसला नंतर घेतलं. पहिला शो ३१ डिसेंबर १९७३ ला, चेकर्स नावाच्या नाइट क्लबात. माल्कमची ग्रेच गिटार बघितलीस कधी? पुढचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) काढून टाकलेला, तिथे नुसता खड्डा, एकच पिकअप ठेवला होता ब्रिजजवळचा. तारा इतक्या जाड की आपली बोटं सोलून निघतील, आणि अँपवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली खरखर, लोकांना वाटतं त्याच्या निम्मंपण नाही. म्हणून तर प्रत्येक कॉर्ड वेगळी ऐकू येते. आपली पोरं उलटं करतात, गेन (खरखर वाढवायचं बटण) फुल मारतात आणि मग सगळा चिखल.

एसी/डीसीच्या रिव्हर प्लेट स्टेडियममधल्या शोचा व्हिडिओ काढ, डिसेंबर २००९, ब्युनोस आयर्स, तीन शो मिळून जवळपास दोन लाख लोक. पण यावेळी अँगसकडे बघू नकोस, अवघड आहे माहितीये. माल्कम आणि बासवाला क्लिफ विल्यम्स कुठे आहेत ते बघ. मागे, ड्रमच्या दोन बाजूंना, अँपला चिकटून. कोरस आला की दोघं चालत माइकपर्यंत येतात, ओरडतात, परत मागे. दोन तास हेच. पुढे अँगस लोळतोय, पळतोय, शर्ट काढतोय, ते सगळं त्याला करता येतं कारण मागे काहीच हलत नाहीये.

आता घरचा अभ्यास. त्यांच्या 'बॅक इन ब्लॅक' गाण्याचा रिफ (परत परत येणारा तुकडा) घे, ई, डी, ए, मेट्रोनोम मिनिटाला ९२-९४ ठोक्यांच्या आसपास. कॉर्ड तर तू दहा मिनिटांत वाजवशील, मधली शांतता वाजव. तळव्याने तारा दाबून आवाज कट करायचा, एकदम कट, गळती नको. मला हे जमायला दीड वर्ष लागलं, आणि त्याआधी एका गॅदरिंगला मी इतका पुढे पळालो की ड्रमरने गाण्याच्या मध्येच काठ्या खाली ठेवल्या, असो.

प्रश्न : एसी/डीसीच्या 'हेल्स बेल्स' गाण्यात सुरुवातीला वाजते ती घंटा खरी आहे की कीबोर्डवरची? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : पंचवटीतून हा प्रश्न यावा, वा! नारोशंकर मंदिराच्या घंटेखालून रोज जाणारा माणूसच हे विचारणार. खरी आहे हो, साधारण एक टनाची, कांस्याची, इंग्लंडमधल्या लफबरोच्या जॉन टेलर फाउंड्रीत ओतलेली, वर बँडचं नावपण आहे. आधी तिथल्याच एका मनोऱ्यातली घंटा रेकॉर्ड करायला गेले होते, पण आत पक्ष्यांची वस्ती, प्रत्येक ठोक्याला सगळे फडफडून उडायचे आणि तेच माइकमध्ये यायचं. शेवटी फाउंड्रीत जाऊन बँडसाठी बनवलेलीच घंटा वाजवून घेतली. नंतर टूरवर बँडचा गायक ब्रायन जॉन्सन तीच हातोड्याने बडवायचा.

आणि हे नुसतं शोसाठी नव्हतं. आधीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये गेला, बँड बंदच करायच्या विचारात होते, मग जॉन्सनला घेतलं आणि २५ जुलैला 'बॅक इन ब्लॅक' अल्बम बाहेर. पाच महिने! कव्हर काळं, पहिलाच आवाज घंटेचा. आपली नारोशंकराची घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून टांगलेली, ही गेलेल्या दोस्तासाठी.

प्रश्न : मुलगा दिवसभर एका शाळेच्या ड्रेसमधल्या म्हाताऱ्याचे व्हिडिओ बघतो, तेही फुल आवाजात. हे काय आहे? — एक वडील, सिडको

उत्तर : साहेब, तो अँगस यंग, १९५५ चा जन्म. युनिफॉर्मची आयडिया त्याच्या मोठ्या बहिणीची, मार्गारेटची. पोरगा शाळेतून यायचा आणि कपडे न बदलताच गिटार घेऊन बसायचा, ते तिने बघितलेलं. बँडचं नावपण तिनेच सुचवलं, शिलाई मशीनवर 'एसी/डीसी' लिहिलेलं वाचून. मुलगा बिघडत नाहीये, काळजी नको.

आवाजाचं मात्र तुमचं बरोबर आहे. याच बँडच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आता थांब नाहीतर पूर्ण बहिरा होशील, टूर अर्ध्यात सोडावी लागली आणि उरलेले शो दुसऱ्या बँडचा गायक ॲक्सल रोझ गायला. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. रॉक शो आरामात तेवढा किंवा जास्तच असतो, मिरवणुकीतला डीजे तर विचारूच नका. ओरडण्यापेक्षा मुलाला इअरप्लगची एक जोडी आणून द्या, मेडिकलमध्ये मिळते, आणि हेडफोनचा आवाज निम्म्याच्या वर जाणार नाही एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. मग एका रविवारी त्याच्या शेजारी बसून रिव्हर प्लेट बघा. पहिल्या प्रश्नातल्या पोराला सांगितलंय तसंच, मागच्या दोघांकडे लक्ष ठेवून.