मर्यादवेल बघायला जायच्या आधी

भाऊ, कोकणात जाऊन लगेच फोटो काढत सुटू नको. आधी इथंच गिरणाकाठी बेशरमचं फूल उघडून बघ (चीक विषारी असतो, हात धू), आत पाच पुंकेसर दिसतील, कारण किनाऱ्यावरची मर्यादवेल तिच्याच घराण्यातली आहे, पान फक्त आपट्यासारखं. फूल सकाळीच गाठ, दुपारपर्यंत कोमेजतं, मी पहिल्यांदा जेवून गेलो तर सगळी मिटलेली, फार हळहळलो रे. वाळलेलं बोंड फोडलं की चार तपकिरी केसाळ बिया निघतात, त्या समुद्रात तरंगत तरंगत पार दुसऱ्या किनाऱ्याला लागतात नि तिथं रुजतात! खाडीत कांदळ (खारफुटीचं झाड) पण बघच, त्याचं बी झाडावरच रुजून शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं. तोडू नको, चिखलात पडलेलं उचलून बघ.