कोल्हापुरातून झिरो फेस्टिव्हलला पहिल्यांदाच जाताना काय तयारी करावी?

तुम्ही चौघे कोल्हापूरचे, सप्टेंबरअखेर अरुणाचलातल्या झिरो म्युझिक फेस्टिव्हलला निघालाय. पन्हाळा-पावनखिंड ट्रेकचं सामान घरात आहे, तेवढं पुरेल का आणि जायचं कसं, असं विचारलंय.

सामान अर्धंच पुरेल. पावनखिंडीला आपण सतत चालत असतो, त्यामुळं चिंब भिजलो तरी अंग गरम राहतं. इथं चार दिवस, दुपारपासून रात्रीपर्यंत, एका जागी उभं राहून ऐकायचं असतं. झिरोचं खोरं साधारण पंधराशे-सोळाशे मीटर उंचीवर आहे, पाऊस अजून मागं फिरलेला नसतो आणि रात्री पारा पंधराच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. ओला सुती टीशर्ट आणि ओली जीन्स घालून अशा हवेत तासभर उभं राहिलं की दात वाजायला लागतात. म्हणून जीन्स घरीच ठेवा. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस (लोकरीसारखं उबदार जाकीट) आणि सगळ्यांत वर गुडघ्यापर्यंत येणारा पोंचो, जो पाठीवरच्या सॅकसकट अंगावर येईल. छत्री नको, मागच्या माणसाला स्टेज दिसत नाही. मोजे रोजचे दोन जोड धरा. झोपायचा एक जोड वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधा आणि काही झालं तरी तो बाहेर घालू नका.

पायात ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा शेतीच्या दुकानात मिळणारे साधे गमबूट चांगले. ट्रेकिंगचा बूट एकदा आतून भिजला की अशा दमट हवेत चार दिवसांत वाळत नाही. गमबूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या, म्हणजे आत जाड मोजा बसतो. निघण्याआधी घरी दोन दिवस वापरा, नाहीतर पोटरीला वरची कड घासून सालटं निघतात.

आता परवानगी. अरुणाचलात जायला भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट लागतं. १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासून ही पद्धत आहे. अर्ज राज्य सरकारच्या संकेतस्थळावर होतो, फोटो आणि ओळखपत्र लागतं, प्रत्येकाचं परमिट वेगळं. नाव आधार कार्डावर जसं आहे अगदी तसंच लिहा. परतीच्या तारखेच्या पुढं दोन दिवस जास्त धरा, कारण दरड कोसळून रस्ता बंद पडणं तिकडं नवीन नाही. प्रत्येकी तीन छापील प्रती ठेवा. तपासणीच्या जागी फोनला रेंज असेलच असं नाही.

प्रवास असा बसवा. सोमवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, मंगळवारी विमानानं गुवाहाटी, तिथून रात्रीच्या दोन्यी पोलो एक्स्प्रेसनं नाहरलगुन. दोन्यी म्हणजे सूर्य, पोलो म्हणजे चंद्र. विमान आणि रात्रीची गाडी यांत निदान पाच तासांचं अंतर हवं, कारण गुवाहाटीचा विमानतळ शहराबाहेर आहे आणि वाटेत गर्दी लागते. तेवढं अंतर जमत नसेल तर एक रात्र गुवाहाटीत काढा. नाहरलगुनहून शेअर सुमोनं झिरो सुमारे शंभर किलोमीटर. आकड्यानं फसू नका, चार-पाच तास लागतात आणि सगळी वळणंच. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. इटानगरजवळ होलोंगीला २०२२ पासून विमानतळ आहे. कोलकात्यामार्गे तिथपर्यंतचं तिकीट परवडलं तर एक रात्र वाचते.

हा हिशेब केला की बुधवारी दुपारी तुम्ही पोहोचता आणि फेस्टिव्हल साधारण गुरुवारी सुरू होतो. हा एक दिवस हातात असणं मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो. कारण आहे सूर्य. कोल्हापूर ७४ रेखांशावर, झिरो जवळजवळ ९४ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिकडं सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी मावळतो, पण घड्याळ तेच. आपल्याकडं सव्वासहाला जो उजेड असतो तो तिकडं पाचलाच गेलेला असतो. ‘चार वाजता पोहोचू, चहा पिऊ, मग टेंट लावू’ असं म्हणणारे अंधारात, पावसात, मोबाईलच्या उजेडात खुंट्या शोधतात. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाला स्वतःची हवी.

टेंट घरचा नेणार असाल तर आधी गच्चीवर लावून पाइपनं वीस मिनिटं पाणी मारून बघा. शिवणीतून गळत असेल तर तिथं सीम सीलर, म्हणजे शिवण बंद करायचा चिकट द्रव, लावायला वेळ मिळतो. कापडाची पाणी अडवायची क्षमता (किती उंचीच्या पाण्याचा दाब ते झेलतं तो आकडा) निदान २००० मिलिमीटर असावी, तळाची त्याहून जास्त. खाली अंथरायची ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं लहान कापा. ती बाहेर आली तर वरचं पाणी झेलून थेट तुमच्या पाठीखाली आणते, आणि बहुतेकांचे टेंट गळत नसतात, असे खालून भरतात. खुंट्या टेंटच्या उलट दिशेला कलत्या ठोका. हवेची झडप पूर्ण बंद करू नका, नाहीतर श्वासाची वाफ आतून जमून टपकते. झोपण्याखाली फोमची मॅट हवीच, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. एवढं ओझं नको असेल तर फेस्टिव्हलच्या कॅम्पमध्ये लावलेला टेंट घ्या. होंग, हरी, हिजा या गावांत किंवा झिरोच्या बाजारपेठेच्या हापोलीत होमस्टे मिळतात, पण रात्री परतायची गाडी पोहोचल्या दिवशीच ठरवा.

ऐकायला उभं राहायची जागा म्हणजे साउंड मिक्सर असतो त्या मांडवाच्या आसपास. आवाज तिथल्या कानांसाठीच बसवलेला असतो. स्पीकरला टेकून उभं राहिलं तर खालचा बास अंगावर येतो आणि शब्द हरवतात. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला फक्त पंधरा मिनिटं. चार दिवसांचा प्रश्न आहे, इअरप्लग घ्याच. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर काही उपयोग नाही.

रोख पैसे न्या, यूपीआयच्या भरवशावर राहू नका. पॉवर बँक वीस हजार एमएएचची चालते. ३.७ व्होल्टनं ती ७४ वॉट-तास होते आणि विमानात मर्यादा शंभरची आहे, पण ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

जेवणात भात, डाळ, धुरावलेलं डुकराचं मांस, बांबूचे कोंब. तांबड्या-पांढऱ्याची जीभ चौथ्या दिवशी कुरकुरते, म्हणून कांदा-लसूण चटणी आणि भडंग न्या. भडंग मात्र शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्यांत सीलबंद करून, एकच मोठी पिशवी फोडली तर संध्याकाळपर्यंत सादळते.

आणि भाताच्या बांधांवरून चालू नका, ही कळकळीची विनंती. इथल्या आपतानी जमातीचे शेतकरी त्या खाचरांत भाताबरोबर मासे वाढवतात आणि बांधावर नाचणी लावतात. बांध खचला की पाणी आणि मासे दोन्ही जातात. सप्टेंबरअखेर भात पिकत आलेला असतो, फोटोचा मोह होतो, तो रस्त्यावर उभं राहून भागवा. कपाळापासून नाकापर्यंत आणि हनुवटीवर गोंदण आणि नाकात चकत्या असलेल्या आज्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ही प्रथा १९७० च्या दशकात थांबली, आता मोजक्याच वृद्धा उरल्यात.

परतीच्या सुमोची सोमवार सकाळची जागा बुधवारीच सांगून ठेवा, कारण रविवारी रात्री सगळ्यांनाच एकदम आठवण होते. गुवाहाटीचं विमान मंगळवारी दुपारनंतरचं, जमलं तर बुधवारचं घ्या. आणि घरी आल्यावर टेंट आधी पूर्ण उघडून दोन दिवस सावलीत वाळवा. ओला गुंडाळून माळ्यावर टाकला तर पुढच्या जूनमध्ये आतला थर चिकट होऊन सुटलेला सापडतो, आणि मग तो दुरुस्त होत नाही.