मुंबईत सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या दोघा भागीदारांनी परदेशी जाण्यासाठी कोणता स्टार्टअप व्हिसा निवडावा?

तुमचे ग्राहक मुख्यतः ब्रिटनमध्ये आहेत, भांडवल बेताचे आहे आणि कंपनी मुंबईतच नोंदवलेली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. अंधेरीत कंपनी सचिव म्हणून काम करताना मला असे दिसते की लोक आधी देश ठरवतात. मी मात्र आधी विचारतो की तुमच्या व्यवसायाची शिफारस कोण करणार, कारण अशा अनेक योजनांत व्यवसायाची पारख सरकारने मान्यता दिलेल्या संस्थाच करतात.

ब्रिटनचा 'इनोव्हेटर फाउंडर' व्हिसा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाला. जुन्या योजनेतील ५०,००० पौंडांच्या भांडवलाची अट त्यात राहिली नाही. तथापि शिफारस करणाऱ्या संस्थेला मूल्यमापनासाठी १,००० पौंड आणि पुढे किमान दोन आढावा बैठकांसाठी प्रत्येकी ५०० पौंड द्यावे लागतात, शिवाय व्हिसाचे शुल्क निराळे. तुमची खरी अडचण पैशांची नसून कल्पनेची आहे: व्यवसाय नवा, नावीन्यपूर्ण, तग धरणारा आणि वाढू शकणारा असावा लागतो, आणि आधीच चालू असलेल्या व्यवसायात नंतर सामील होऊन हा व्हिसा मिळत नाही. ग्राहक सांगेल तसे ॲप बनवून देणे एवढेच तुमचे काम असेल, तर शिफारस मिळणे मला अवघड वाटते. स्वतःचे उत्पादन असेल, तर त्यासाठी तेथे स्वतंत्र कंपनी उभारण्याचा आराखडा करावा. दोघांनाही जायचे असेल, तर प्रत्येकाला स्वतःची शिफारस मिळवावी लागेल.

नेदरलँड्सचा स्टार्टअप निवास परवाना एक वर्षाचा असतो आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक संस्थेशी करार करावा लागतो. एस्टोनियाची २०१४ पासूनची ई-रेसिडेन्सी म्हणजे व्हिसा नव्हे. तिच्यामुळे कंपनी काढता येते, राहण्याचा हक्क मिळत नाही. जाहिराती हे सांगत नाहीत.

अमेरिकेत 'स्टार्टअप व्हिसा' नावाचा प्रकारच नाही, आणि तेथील ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारताशी झालेला नाही. एल-१ए या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसामध्ये मात्र तुमची मुंबईची कंपनी उपयोगी पडते: गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तिच्यात व्यवस्थापक पातळीवर काम केले असेल, तर अमेरिकेत संलग्न कंपनी काढून बदलीवर जाता येते, परंतु नव्या कार्यालयासाठी पहिली मुदत एकच वर्षाची असते.

भारतातून पैसे पाठवण्याचा भाग लोक शेवटी विचारतात, तो आधी विचारावा. निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. परदेशी कंपनीचे भाग (शेअर) घ्यायचे असल्यास २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात, त्यामुळे आधी बँकेच्या परकीय चलन विभागात जाऊन परदेशी गुंतवणुकीची माहिती देण्याचा फॉर्म एफसी आणि मूल्यांकनाची कागदपत्रे समजून घ्यावीत. कोणी हमखास शिफारसपत्राचे आश्वासन देऊन आगाऊ रक्कम मागत असेल, तर त्या संस्थेचे नाव ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.