रिंग वाजते, पण आवाज येत नाही

प्रश्न : आमचा सुताचा व्यापार आहे. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर ॲस्टेरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) टाकून टेबलांवर आयपी फोन बसवले. आतल्या आत सगळं झकास चालतं. वसुलीला फिरणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर सॉफ्टफोन टाकून दिलाय. तो बाहेरून फोन लावतो, इकडे रिंग वाजते, पण उचलला की दोन्हीकडे शुकशुकाट आणि अर्ध्या मिनिटात लाइन कट. राउटरमध्ये ५०६० पोर्ट उघडलंय. नेटवाला म्हणतो, आमच्याकडून सगळं ओके आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नेटवाल्याला एवढ्यात धारेवर धरू नका. रिंग वाजली म्हणजे ५०६० ने आपलं काम केलं. त्या पोर्टवरून फक्त निरोप जातात : कोण बोलावतंय, उचलला, ठेवला. प्रत्यक्ष बोलणं वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून जातं. ॲस्टेरिस्कच्या नेहमीच्या आरटीपी (म्हणजे आवाजाच्या वाहतुकीच्या) फाइलीत ती १०००० ते २०००० अशी असतात. ती तुमच्या राउटरवर बंदच दिसतात.

पण नुसती ती उघडूनही भागायचं नाही. फोन उचलला की तुमचा सर्व्हर मोबाइलला सांगतो, 'आवाज १९२.१६८.१.१० वर पाठव.' हा पत्ता ऑफिसबाहेर कुणाच्याच कामाचा नाही. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतल्या चिठ्ठीतला तसाच राहतो. अर्ध्या मिनिटाचं कोडंही यातच आहे. 'उचलला हे कळलं' ही पोच मोबाइल त्याच खासगी पत्त्यावर धाडतो. ती न मिळाल्यामुळे सर्व्हर तेच उत्तर पुन:पुन्हा पाठवत राहतो आणि ३२ सेकंदांनी नाद सोडून फोन तोडतो. घड्याळ लावून बघा.

तेव्हा पीजेसिपच्या (ॲस्टेरिस्कचा निरोप सांभाळणारा भाग) ट्रान्सपोर्टमध्ये 'एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस' आणि 'एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस' या दोन्ही ठिकाणी तुमचा पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) भरा आणि 'लोकल नेट'मध्ये ऑफिसचं नेटवर्क, म्हणजे १९२.१६८.१.०/२४. हे शेवटचं विसरलात तर टेबलावरचे चालते फोन बिघडतील. मोबाइलच्या एंडपॉइंटला (ॲस्टेरिस्कमधल्या त्याच्या नोंदीला) 'आरटीपी सिमेट्रिक', 'फोर्स आरपोर्ट' आणि 'रीराइट कॉन्टॅक्ट' यस ठेवा, 'डायरेक्ट मीडिया' नो. ट्रान्सपोर्टमधला बदल साध्या रीलोडने सहसा लागू होत नाही, ॲस्टेरिस्क रीस्टार्टच करा.

दहा हजार पोर्ट उघडायची तुम्हाला गरज नाही. आरटीपीची हद्द १०००० ते १००९९ करा आणि तेवढीच राउटरमधून सर्व्हरकडे वळवा. कॉलच्या प्रत्येक टोकाला दोन पोर्ट लागतात, म्हणजे पंचवीसेक कॉल एका वेळी आरामात. राउटरमध्ये 'सिप एएलजी' (फोनच्या निरोपांना मदत करणारी सोय) असेल तर ते बंद करा. नाव मदतीचं, पण निरोपातले पत्ते अर्धवट बदलून ते घोळच जास्त घालतं.

हे सगळं करण्याआधी एक तपासा. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो पब्लिक पत्ता नाहीच. कंपनीने तुम्हाला आणखी एका नॅटमागे (पत्ते बदलणाऱ्या राउटरमागे) बसवलंय, मग पोर्ट कितीही उघडा, उपयोग शून्य. स्टॅटिक आयपी मागा.

आणि ५०६० जगाला उघडं ठेवलंय, तर एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्ड १०१ नाही ना? असे सर्व्हर शोधणारे रोबो रात्रंदिवस फिरत असतात. एक जरी आत शिरला, तर परदेशी कॉलचं बिल तुमच्या नावावर फाटेल. पुन:पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारं फेल२बॅन बसवाच. माझं विचाराल तर बाहेर फिरणारा एकच माणूस आहे, त्याच्या मोबाइलवर वायरगार्ड (ऑफिसपर्यंतचा खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) टाका. एकच यूडीपी पोर्ट उघडावं लागतं, ५०६० बंद करता येतं. फक्त वायरगार्डचं नेटवर्कही 'लोकल नेट'मध्ये घाला.

एवढं करूनही आवाज नाही आला, तर ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'आरटीपी सेट डीबग ऑन' द्या आणि कॉल लावा. मोबाइलच्या पत्त्याकडे नुसतंच 'सेंट' दिसतंय आणि तिकडून 'गॉट' एकदाही नाही, तर फायरवॉल अजून अडवतोय. दोन्ही दिसत असतील, तर नेटवर्क सोडा, मोबाइलमध्ये त्या ॲपला माइकची परवानगी आहे का ते बघा.