व्हिडिओ उसना घे, कोडचा भाग तू बनव

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोग्रामर कोड लिहिताना लाइव्ह दिसतील आणि बघणारे त्यांच्याशी बोलू शकतील, असा प्लॅटफॉर्म मला बनवायचा आहे. त्यासाठी एक वर्ष ड्रॉप घेऊ का? बाबांचा ठाम विरोध आहे.

उत्तर : ड्रॉपच्या बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे. कल्पनेच्या बाबतीत मात्र तुझ्या बाजूने, पण तू मांडलीस तशी नाही.

हा विचार तुझ्या आधीही झालाय. लाइव्हकोडिंग डॉट टीव्ही ही वेबसाइट नेमकं हेच करायला निघाली होती. पुढे तिने नाव बदललं आणि ती शिकवण्याकडे वळली. ट्विच हे लाइव्ह व्हिडिओचं व्यासपीठ २०११ मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी सुरू झालं, २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतलं, आणि आज तिथे प्रोग्रामिंगचंही दालन आहे. कोड लिहिणारे तिथे जातात कारण प्रेक्षक तिथे आधीच आहेत. मायक्रोसॉफ्टलासुद्धा ट्विचसारखंच आपलं मिक्सर हे व्यासपीठ २०२० मध्ये बंद करावं लागलं. त्यामुळे ‘प्रोग्रामरांचं ट्विच’ हे ध्येय सोड.

शिवाय व्हिडिओचं गणित मांडून बघ. सेकंदाला ६ मेगाबिट धरले तर एका प्रेक्षकाला तासाला सुमारे २.७ जीबी डेटा जातो. शंभर जण बसले तर २७० जीबी. हे बिल पहिल्या दिवसापासून येतं, कमाई कधी येईल ते कुणी सांगावं!

आता तुझ्या कामाची जागा. व्हिडिओ दाबताना, म्हणजे त्याचा डेटा कमी करताना, रंगाचं रिझोल्यूशन सहसा उजेडाच्या पाव पटच ठेवतात. चेहऱ्यावर ते कळत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल-निळी अक्षरं फिसकटतात. दुसरी अडचण उशिराची. एचएलएस या व्हिडिओ पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत व्हिडिओचे साधारण ६ सेकंदांचे तुकडे होतात आणि प्लेअर बऱ्याचदा तीन तुकडे हाताशी ठेवून सुरू होतो. म्हणजे बघणारा १८ सेकंद मागे. त्याने ‘चाळिसाव्या ओळीत चूक आहे’ असं लिहीपर्यंत तू दुसऱ्याच फाइलमध्ये असतोस. वेबआरटीसी या व्हिडिओ कॉलसाठीच्या तंत्राने हा उशीर सेकंदाच्या आत येतो, पण प्रेक्षक वाढले की मधले सर्व्हर सांभाळावे लागतात, आणि ते काम सोपं नाही.

पण कोड हा मुळात मजकूर आहे, त्याचं चित्र कशाला पाठवायचं? एडिटरमधला प्रत्येक बदल वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीवरून, मजकूर म्हणूनच पाठव. अक्षरं कोरीव दिसतील, डेटा नगण्य लागेल, बघणाऱ्याला ओळ कॉपी करता येईल, मागे जाऊन जुनी फाइल उघडता येईल. आस्कीनेमा हे साधन टर्मिनलचं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचं, रेकॉर्डिंग याच तत्त्वावर करतं. त्याचा कोड खुला आहे, वाच. आवाज आणि चेहरा ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून एखाद्या तयार सेवेवर जाऊ दे. मजकूर लगेच पोचेल आणि आवाज मागून येईल, तेव्हा दोन्हींचा मेळ बसवावा लागेल. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा खरा अभ्यास तिथेच आहे.

एवढं काम शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये बसतं, ड्रॉपची गरज नाही. बाबांना तसंच सांग. नेटवर्किंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय मात्र परीक्षेपुरते करू नकोस. कंपनी उभी राहिली नाही तरी उशीर का होतो आणि तो कुठे मोजायचा हे समजणाऱ्याला व्हिडिओ कॉल, ऑनलाइन शिक्षण, गेमिंग, सगळीकडे मागणी असते.

आणि हो, तू स्वतः कधी लाइव्ह कोडिंग केलं आहेस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. काही आठवडे ते करून बघ. गप्प बसून डीबग करताना, म्हणजे कोडमधली चूक शोधताना, प्रेक्षक कसे गळतात, बोलत राहिलं तर कोड कसा रखडतो, हे अनुभवल्याशिवाय कुठली सोय हवी ते कळणार नाही. फक्त पासवर्ड आणि एपीआय की (बाहेरच्या सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) असलेली फाइल स्क्रीनवर उघडू नकोस. चुकून उघडलीच, तर स्ट्रीम थांबवून आधी ती की रद्द कर. अशी फाइल आपोआप झाकणारी सोय तुझ्या पहिल्या आवृत्तीत असलीच पाहिजे. मजकूरच पाठवत असल्यामुळे तुला ती व्हिडिओवाल्यांपेक्षा सहज करता येईल.